नाव घ्या, मग लिहितो

अंबरनाथला मुद्दाम कोण जातं? मी निघाले तेव्हा सांगलीतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "शिवमंदिर बघायला का?" मी हो म्हणून मोकळी झाले. नवऱ्याच्या खुनाचा खटला चाललेल्या बाईला भेटायला चाललेय असं सांगितलं असतं, तर काकूंनी माझ्या हातचा चहा घेतला नसता.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पस्तिशी उलटल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय, स्त्रिया आणि गुन्हेगारी. आमचे गाइड, त्यांना मी सर म्हणते, हे फार हुशार गृहस्थ. त्यांचं मत असं की बाई मुळात लपवाछपवीत पटाईत असते, म्हणून तिचे गुन्हे उघडकीला येत नाहीत. आणि आले, तरी पोलीस आणि कोर्ट तिच्याशी दाक्षिण्याने वागतात, झुकतं माप देतात. "एवढं नीट मांडून आणा की झालं," सर म्हणाले. म्हणजे निकाल आधी आणि पुरावा मागाहून. मी मान डोलावली. पिशवीत पाच जाडजूड पुस्तकं आणि कॉलेजचा टेपरेकॉर्डर घातला आणि निघाले.

प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. बसायला जागा मिळाली नाही आणि पाय सुजले, एवढं पुरे.

अंबरनाथ पश्चिम

शैला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. आता वकिली करते. त्या बाईचा खटला तिच्याकडेच. तिचे यजमान कारखान्यात अधिकारी आहेत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचा ब्लॉक. दार उघडताच म्हणाली, "कुमे, केवढी जाड झालीस गं!" आणि आत नेऊन गरम वरणभात वाढला. खिडकी उघडायला गेले, तर म्हणाली, "आत्ता नको. वारा कंपन्यांकडून आहे." तरीही मी उघडली. नाकात असा काही भपकारा गेला की डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं, तेव्हा आम्ही नाकं मुरडतो. इथली वालधुनी नदी मी दुसऱ्या दिवशी पाहिली. एका ठिकाणी तांबडी होती, पुढे पुलाखाली हिरवी. कडेला बायका धुणं धूत होत्या.

जेवताना शैलाने केस सांगितली. बाईचं नाव वनिता, माहेर बदलापूर गावात. लग्न करून उल्हासनगरच्या कॅम्पात आली. नवरा सुरेश, जीनच्या पँटी शिवायच्या कारखान्यात कारागीर. आठ वर्षं मारलं तिला. शिलाई मशीनच्या पट्ट्याने मारायचा. एके दिवशी त्याने पाच वर्षांच्या मुलीला धरलं, सुमनला, आणि पट्टा तिच्यावर ओढला. वनिता मसाला वाटत बसली होती. हातात वरवंटा होता, तोच घातला. एकच घाव, पण डोक्यावर बसला.

"ती नाही म्हणत नाही," शैला म्हणाली. "नाही म्हणणार तरी कशाला? माझं म्हणणं एवढंच की आठ वर्षांचा मार कोर्टाने ऐकावा. पण सरकारी वकील म्हणतो, ही मारहाण आत्ता रचलेली गोष्ट. खरंच मारत होता, तर बाई एकदाही पोलिसांत का गेली नाही?"

"मग? गेली नव्हती?"

"तीनदा गेली. ती सांगते, तीनदा. आणि चौकीत एका ओळीची नोंद नाही. ती नोंद मिळाली तर पोरगी सुटेल गं, नाहीतर शिक्षा कमी तरी होईल. नाही मिळाली, तर सुमन आजीपाशी वाढणार." सोमवारी ठाण्याच्या सेशन कोर्टात तारीख होती, आणि मी पोचले तो गुरुवार होता.

उल्हासनगर

शुक्रवारी सकाळी कॅम्पात गेले. फाळणीनंतर सिंधी लोकांना जिथं उतरवलं, त्या लष्करी बरॅकी अजून उभ्या आहेत. एकेका बरॅकीत दहा-बारा घरं, आणि निम्म्या घरांतून मशिनींची घरघर. रस्त्यावर पँटींचे ढीग. मी एका ढिगाला टेकून पत्ता विचारला, आणि माझी मोतिया रंगाची इचलकरंजी साडी मागून निळी झाली. ती आजतागायत निळीच आहे.

वनिताच्या शेजारच्या खोलीत मोहिनी आंटी राहतात. साठीच्या आहेत, गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत. मी काही बोलायच्या आत पुढ्यात दाल-पकवान आलं. कुरकुरीत पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. सकाळी नऊ वाजता एवढं तळकट खायचं म्हणजे आमच्याकडे पाप, पण मी दोन खाल्ली. दारात पाच-सहा बायका मांडीवर पँट घेऊन कात्रीने लोंबते धागे कापत होत्या. वनिताही इथंच बसायची.

"आवाज आता था?" मी विचारलं.

"आता था क्या! दीवार एक है," आंटी म्हणाल्या. "मैं लाटणा लेकर ठोकती थी दीवार पर. तो दो मिनिट चूप. फिर चालू." त्यांच्या हिंदीत मराठी आणि सिंधी असं सगळंच कालवलेलं असतं. "मैंने ही बोला उसको, चरी, चौकी पर जा." चरी म्हणजे सिंधीत वेडी. "तीन टाइम मैं खुद गेट तक छोड़के आई."

"आत का नाही गेलात?"

त्या पकवान मोडत राहिल्या. "मेरे बेटे का धंदा है इधर. बोला, मम्मी, चौकी के अंदर पैर नहीं रखना." मग म्हणाल्या, "तीनों टाइम वो हँसी सुनके बाहर आई. अंदर से सब हँस रहे थे. मैंने पूछा क्या हुआ, तो बोली, कुछ नहीं आंटी, नाव पाहिजे म्हणतात."

मला काही कळलं नाही. माझ्या वहीत मी लिहिलं, "नाव?"

तिथून चालत चौकीवर गेले. कॉलेजचं शिक्क्याचं पत्र जवळ होतं, स्त्री-गुन्हेगारांची माहिती हवी म्हणून. साहेब बाहेर गेले होते. एक पोट सुटलेले, हसतमुख हवालदार होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर पुढं ओढलं. "नाव सांगा मॅडम. पूर्ण."

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"मधलं? मिस्टरांचं?"

आणि इथं माझी जीभ टाळ्याला चिकटली. खोटं कशाला बोलू? बारा वर्षं संसार झाला, मी ह्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही. ‘अहो’, ‘आमचे हे’, आणि फारच झालं तर ‘घरचे’. वर्गात मुलींना पुरुषसत्ता शिकवते, आणि तिथं पोलिसासमोर मी लाजले! "द्या, मीच लिहिते," म्हटलं आणि पेन घेऊन लिहिलं.

हवालदार खुशीत आले. "सगळ्या बायका एकजात सारख्या बघा! शिकलेली काय, अडाणी काय." मग खुर्ची मागे रेलून सांगू लागले. "मागं एक बाई यायची. नवरा मारतो म्हणून तक्रार लिहा. म्हटलं, आरोपीचं नाव? तर गप्प. म्हटलं, अगं बाई, नाव सांग. तर म्हणते, सुमनचा बाप. आता मॅडम, आरोपीच्या रकान्यात मी सुमनचा बाप असं लिहू? लिहिता-वाचता येत नाही, नाव तोंडातून काढत नाही. म्हणते, आमच्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. आली तशी गेली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. तेव्हा आम्ही म्हटलं, उखाणा तर घेतेस ना हळदीकुंकवाला? मग उखाण्यात घे. नाव घे, मग लिहितो!"

कोपऱ्यातला शिपाई हसला. त्याला पुढचं पाठ होतं.

"तिसऱ्यांदा आली ती तयारीने!" हवालदारांनी मांडीवर थाप मारली. "डोळा सुजलेला, ओठ फुटलेला, आणि इथं, ह्या टेबलासमोर उभी राहून पदर सावरून म्हणाली...

चौकीच्या भिंतीवर हाराची तसबीर,
सुरेशरावांचं नाव घेते, साहेब, नका लावू उशीर.

आम्ही टाळ्याच वाजवल्या! सगळी चौकी. म्हटलं, एवढं गोड नाव घेतेस नवऱ्याचं, ह्यात कसली आलीय मारहाण? जा, नांद सुखाने."

मी वर पाहिलं. भिंतीवर तसबीर होती, हारही होता, चंदनाच्या सालीचा.

"आणि पुढची गंमत ऐका," ते म्हणाले. "त्याच बाईने महिना-दीड महिन्यात वरवंटा घातला त्याच्या टाळक्यात. पंचनामा लिहायला मीच. म्हणून सांगतो, बायकांचं काही सांगता येत नाही. लिहून घ्या तुमच्या पुस्तकात."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? चहा पिऊन, नमस्कार करून गुपचूप उठलं असतं. सोमवारी हाच माणूस सरकारी साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहणार होता. शैलाने त्याला बेसावध गाठून एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण माझं तोंड फाटकं. मी उभीच राहिले आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, ही वनिताच ना? मी तिच्या वकीलबाईंकडेच उतरलेय! हे कोर्टात सांगाल ना? सांगितलंत तर ती सुटेल हो!"

त्यांनी कप बशीत ठेवला. तोंडावरचं हसू कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. "कुठली बाई?" ते म्हणाले. "मॅडम, साहेब उद्या भेटतील. या तुम्ही."

टेपरेकॉर्डर पिशवीत होता, बंद. असभ्य दिसेल म्हणून मी तो काढला नव्हता.

घरी येऊन शैलाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिने सगळं ऐकलं. "तू सांगितलंस त्याला, की तू माझ्याकडे उतरलीयेस?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा कणीक मळायला घेतली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "तुझं ऐकलेलं कोर्टात चालत नाही, कुमे. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं."

बदलापूर गाव

रविवारी बदलापूरला गेले. स्टेशनाजवळ कात्रपच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहताहेत, ‘स्वस्तात घर’ म्हणून पाट्या लागल्यात. नदी ओलांडून गावात आलं की ते सगळं संपतं. कौलारू घरं, सारवलेली अंगणं, मळणी झालेल्या भाताचा वास. जांभळांचा हंगाम नव्हता, झाडं मात्र ठायीठायी.

वनिता माझ्या कल्पनेतली नव्हतीच. पुस्तकांत गुन्हेगार बायकांची वर्णनं वाचून मी राकट, रुंद जबड्याची बाई मनाशी धरली होती. ही शिडशिडीत, सव्वीस-सत्तावीसची, जामिनावर सुटून आईकडे राहिलेली. तांदळाची भाकरी थापत होती. इतकी पातळ आणि गोल की मी बघतच राहिले. आमच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या हाताला ती उकडीची भाकरी जन्मात जमायची नाही. वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. मी सुकट खात नाही हे कळल्यावर तिच्या आईला फार वाईट वाटलं. सुमन माझ्या पेनाशी खेळत होती. तिच्या दंडावर पट्ट्याचा व्रण होता, अजून.

"मॅडम, मना खरं सांगा," वनिता म्हणाली. "मी नाव घेतलं म्हनून तो गेला का?"

"असं कसं होईल?"

"व्हतं. आमची आय सांगते. हळदीकुंकवात घेतलं तर चालतं, तवा देव आयकतो. मी चौकीत घेतलं. तीन रात जागून जुळवलं व्हतं मी त्ये. आन् दीड महिन्यात तो गेला." ती तव्याकडे बघत बोलत होती. "मारत व्हता, पन मना तो मरायला नको व्हता. नुसता थांबाय पायजे व्हता. म्हनून तर दोनदा नाव नाय घेतलं."

हे सरांना कुठल्या प्रकरणात घालून दाखवू? मार खाऊन फुटलेल्या तोंडाने ही बाई त्याचं आयुष्य सांभाळत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच; आणि तोंड दाबणारा हात हिचा स्वतःचाच, लहानपणापासून शिकवलेला. आणि मी? मी काय वेगळी? माझ्या ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, म्हणून माझं न घेतलेलं नाव गोड दिसतं, एवढंच.

मग मी न राहवून सांगितलं, की हवालदाराला सगळं आठवतंय. उखाण्यासकट.

ती झटकन वळली. "आठवतंय? त्याना?" तिचा चेहरा असा उजळला की मला माझीच किळस आली. "मग सांगल ना तो? आये, आयकलंस का, आठवतंय त्याला!"

मी पुढचं सांगितलं नाही. तिने आग्रहाने वाढलेली दुसरी भाकरीही खाल्ली.

ठाण्याचं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले, कारण शहाणी नाही हे शुक्रवारीच सिद्ध झालं होतं.

हवालदार इस्त्रीच्या गणवेशात आले. शैलाने विचारलं, "ही बाई घटनेपूर्वी तुमच्या चौकीत आली होती?"

"नाही."

"तीन वेळा?"

"एकदाही नाही. आली असती तर डायरीत नोंद असती."

"तिने तुमच्यासमोर उखाणा घेतला होता?"

कोर्टात हशा पिकला. हवालदारही हसले, तसंच, मांडीवर थाप मारायचं तेवढं राहिलं. "बाई, ती पोलीस चौकी आहे. हळदीकुंकू नाही." माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मोहिनी आंटी मुलाला न सांगता साक्षीला आल्या होत्या. त्यांना एवढंच विचारलं, की तुम्ही गेटच्या आत गेला होतात का. त्या नाही म्हणाल्या आणि उतरताना जिन्याच्या कठड्याला धरून रडल्या.

मग न्यायाधीशांनी वनिताला विचारलं, त्या दिवशी घरात कोण कोण होतं.

"मी, सुमन आन् सुरेश," ती म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत. राव नाही, अहो नाही. पाठीमागे बसलेली तिची आई दचकली. मी वहीत लिहायची थांबले. ती हवालदाराकडे बघत होती, आणि तिने पुन्हा म्हटलं, "सुरेश. सुरेशनं सुमनला धरलं व्हतं." जणू त्याच्या रकान्यात स्वतः बोटाने लिहून देत होती.

सरकारी वकिलाने ते सोडलं नाही. शेवटच्या भाषणात म्हणाला, "हुजूर, मृत पतीचं नाव ही बाई एकेरीत घेते, खालच्या वर्गातली हिंदू स्त्री असूनही. डोळ्यांत टिपूस नाही. हिला पश्चात्ताप आहे असं कोण म्हणेल?" नाव घेत नव्हती तेव्हा तक्रार नव्हती, आणि घेतलं तर पश्चात्ताप नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, मेल्यांनो, तिने करायचं तरी काय? पण मी ओरडले नाही. एकदा तोंड उघडून जे करायचं ते मी करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी परतीला निघाले. शैला स्टेशनवर पोचवायला आली. गाडी हलताना तिने खिडकीतून माझा हात दाबला, त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगली

महिन्याने शैलाचं पत्र आलं. सात वर्षं. निकालपत्रातलं एक वाक्य तिने उतरून पाठवलं होतं, की आरोपीने पतीविरुद्ध यापूर्वी कधीही तक्रार केल्याचे दिसून येत नाही. खाली तिने लिहिलं होतं, "सुमन आजीपाशी आहे. वरच्या कोर्टात जातेय. बघू."

सरांना मी सगळं प्रकरण लिहून दिलं. झुकतं माप कुठं दिसलं नाही, असंही लिहिलं. त्यांनी लाल पेनाने उखाण्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, "हे लोकसाहित्यात जाईल, इथे अप्रस्तुत." चौकीतला भाग पुराव्याअभावी गाळायला सांगितला. नोंद नाही म्हणजे घडलं नाही, हे हवालदाराइतकंच सरांनाही पक्कं ठाऊक आहे.

मग संक्रांत आली. काकूंकडे हळदीकुंकू. पंधरा-वीस बायका, तिळगूळ, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी सून. सगळ्या माझ्या मागे लागल्या, "कुमुदताई, मुंबईकडे जाऊन आलात, नाव घ्या! नवीन पाहिजे हं, जुनं चालायचं नाही!" मी नको म्हटलं. त्या ऐकेनात. मग मी उभी राहिले. पदर सावरला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं...

चौकीच्या भिंतीवर हाराची तसबीर,
अरविंदरावांचं नाव घेते, साहेब, नका लावू उशीर.

क्षणभर कुणाला कळेना. मग एक हसली आणि सगळ्या फुटल्या. टाळ्याच टाळ्या. "अगंबाई, चौकीच्या भिंतीवर! काय पण सुचतं हिला!" काकूंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी तशीच उभी होते. टाळ्या थांबायची वाट बघत होते. सांगणार होते, की हा उखाणा एका बाईने सुजलेल्या डोळ्याने तीन रात्री जागून जुळवला, आणि तिलाही अशाच टाळ्या मिळाल्या.

तेवढ्यात ती नवी सून कागद-पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आली. "काकू, मला लिहून द्या ना," म्हणाली. "आमच्यात कुणाला माहीत नसेल."

मी कागद घेतला आणि लिहून दिलं. अरविंदरावांच्या जागी सुरेशराव लिहिलं.

"हे सुरेशराव कोण?" तिने हसत विचारलं.

"सुमनचा बाप," मी म्हटलं. "आधी खाली बस, सांगते."